बाबागाडी घेताना आधी दांडा बघा



हरभरा घाट्यात आलाय, कापसाची तिसरी वेचणी चालू आहे आणि तूर खळ्यावर यायला अजून आठेक दिवस आहेत. त्या नोंदी नेहमीसारख्या येतीलच. आज मात्र एका अशा अवजाराबद्दल लिहितोय जे कुठल्या कृषी प्रदर्शनात मांडलेलं नसतं, ज्याला अनुदान नाही, आणि ज्याचं नाव काढलं की कृषी सहायकसुद्धा हातातला चहा खाली ठेवून आपल्या तोंडाकडे बघतात. लेकराची बाबागाडी. शहरात स्ट्रोलर म्हणतात ती.

ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्या. मीपण हसलो होतो. त्या हसण्याचे मला ४,२०० रुपये पडले.

आमचं राहणं आखाड्यावर. आखाड्यापासून डांबरी सडक ९०० मीटर, मधे पांदण. पांदणीत काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. दोन्ही बाजूला ट्रॅक्टरच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या, मधे गवताचा उंचवटा, जागोजागी मुरमाचे दगड आणि कडेच्या बाभळींचे काटे. सडकेला लागलं की गाव दीड किलोमीटर. अंगणवाडी, लसीकरण, दुकान, सगळं तिकडं. लेक आता साडेआठ महिन्यांची आहे, वजन आठ किलो. आणि लेकीच्या आईचं सिझर झालेलं आहे.

आठ किलो म्हणजे काय? युरियाच्या गोणीचा पाचवा हिस्साही नाही, असं मी म्हणायचो. पण गोणी आपण खांद्यावर घेतो, दहा पावलं टाकतो आणि खाली आपटतो. लेकरू डाव्या कडेवर असतं, उजव्या हातात पाण्याची कॅन किंवा डबा असतो, आणि चालायचं असतं ९०० मीटर. कमर एका बाजूला काढून. दिवसातून दोन वेळा, कधी चार वेळा. नोव्हेंबरात दुसऱ्या वेचणीला ती संध्याकाळी ओळीत बसली ती उठेचना. मी समजलो पायाला मुंग्या आल्या असतील. कमरेत भरलं होतं. तिला हाताला धरून घरी आणलं, लेकरू मायनं घेतलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वजन उचलू नका म्हणाले. लेकराला वजनात धरायचं का नाही हे त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

मग बाबागाडी आणायचं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं. तालुक्याला खताच्या कामाला गेलो होतो, तिथं एका दुकानात गाडी होती. निळी, वर झालर, पुढं खुळखुळा. दुकानदाराने ती गुळगुळीत फरशीवर एका बोटाने ढकलून दाखवली. लोण्यात सुरी जावी तशी गेली. घेतली. ज्या माणसाने पेरणीयंत्र घेताना तीन गावं फिरून दात्यातलं अंतर पट्टीने मोजलं, त्याने लेकराची गाडी फरशीवर बघून घेतली!

पांदणीत ती पहिल्या दिवशी दीडशे मीटर चालली. पुढची चाकं सहा इंची, प्लास्टिकची, चारी बाजूंना गरागरा फिरणारी. एक चाक दगडाला आडवं झालं आणि अडलं. बायको वाकून जोराने रेटत होती. चाक जागेवर राहिलं, मागचा भाग उचलला गेला आणि गाडी नाकावर उभी राहिली. लेक पट्ट्यात होती म्हणून खाली पडली नाही, पण पट्टा नुसता कमरेचा, त्यामुळे ती अर्धी बाहेर लोंबकळली. लागलं काहीच नाही. रडली मात्र अशी की पलीकडच्या वावरातून माणसं पळत आली. बायको मला एक शब्द बोलली नाही. तिनं गाडी मिटली, गोठ्यात नेऊन ठेवली. सध्या तिच्यात एक कोंबडी अंड्यावर बसते. कोंबडीला ती पसंत आहे.

त्या रात्री मला सायकल कोळपं आठवलं. गेल्या वर्षी भाजीपाल्यासाठी आणलं होतं. पहिल्या दिवशी बायको म्हणाली, दांडा उंच होतोय, खांदे भरून येतात. मी लगेच पाना घेतला, दांड्याचा बोल्ट दोन भोकं खाली घेतला, काम झालं. कोळप्याला, फवारणीच्या पंपाला, खुरप्याच्या मुठीला आपण वापरणाऱ्याच्या अंगाचं माप लावतो. बाबागाडी बघताना मात्र आपण फक्त आत बसणाऱ्याकडे बघतो. गादी मऊ आहे का, रंग कसा, खुळखुळा वाजतो का. आतलं लेकरू तर झोपून जातं हो. राबतं ते ढकलणारं माणूस. माझं आजचं सांगणं एवढंच आहे की बाबागाडी हे ढकलणाऱ्याचं अवजार आहे, आणि ते अवजारासारखंच पारखून घ्यावं. लेकराच्या सुरक्षेचं पुढे सांगतो, तिच्यात तडजोड नाही. पण जी गाडी आईला वाकायला लावते, ती चार दिवसांत गोठ्यात जाते आणि लेकरू परत कडेवर येतं.

तर दांडा. सरळ उभं राहायचं, हात कोपरात दुमडायचा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावायचा. माझं कोपर भरलं १०८ सेंटिमीटर, बायकोचं ९४. दांडा कोपराच्या बरोबरीने किंवा त्याच्यापेक्षा चार-पाच सेंटिमीटर खाली पाहिजे, म्हणजे खांदे पडलेले राहतात आणि मनगट मोडत नाही. तिच्यासाठी ९० हे माप बरोबर. मला ते कमी पडतं, मी वाकतो. माय तर अजून बुटकी. एका घरात तीन माणसं गाडी ढकलणार असतील तर दांडा खालीवर होणारा पाहिजे, आणि तो सगळ्यात खाली किती येतो हे आधी बघायचं. दुकानात किती वर जातो ते कौतुकाने दाखवतात. आपल्याकडच्या बायांना खालचं माप महत्त्वाचं आहे. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने शेतात राबणाऱ्या बाया-माणसांच्या शरीराची मापं आणि ताकद यांची माहिती २००९ साली पुस्तकरूपात आणली, ती अवजारं बनवणाऱ्यांसाठीच. आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठातही शेतकरी बायांचे कष्ट कमी करणाऱ्या साधनांवर बरीच वर्षं काम चालू आहे. या पानावर कृषी शाखेचे बरेच जण आहेत म्हणून त्यांना मुद्दाम सांगतो: कोळप्याला जो नियम लावता तोच या गाडीला लावा.

दांड्याचा आकारही बघा. काही गाड्यांना छत्रीच्या मुठीसारखे दोन वेगळे हात असतात. त्या एका हाताने ढकलता येत नाहीत, गाडी बाजूला वळते. आपल्या बायांचा दुसरा हात कधी मोकळा असतो का? आडवा, सलग, एकच दांडा असेल तर एका हाताने गाडी आणि दुसऱ्या हातात डबा, असं जमतं. आणि डबा किंवा पिशवी दांड्याला अडकवायची नाही. लेकरू उचललं की पिशवीच्या वजनाने गाडी मागे उलटते. वजन खाली, सीटखालच्या जाळीत.

आता एक गोष्ट जी कुठल्याच दुकानात कुणी सांगत नाही. गाडी ढकलत चार मोठी पावलं टाकून बघा. पाय मागच्या चाकाच्या दांडीला लागतो का? उंच माणसाचा हमखास लागतो. मग तो आपोआप छोटी पावलं टाकतो किंवा हात लांबवून कमरेतून वाकतो, आणि तासाभराने पाठ बोलायला लागते. बायांचं वेगळंच आहे. साडीची निरी मागच्या चाकात नाहीतर ब्रेकच्या खिट्टीत अडकते. आमच्याकडे दोनदा अडकली. म्हणून चाकाची आतली बाजू उघडी आहे का, खिट्टी बाहेर आलेली आहे का, हे साडी नेसणाऱ्या माणसानेच ढकलून बघायचं. नवऱ्याने पॅन्ट घालून बघून उपयोग नाही.

चाकाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण मी फसलो ते तिथंच.

दगडावर चढायला चाकाला किती रेटा लागतो याचं साधं गणित आहे, आणि ते चाकाच्या आकारावर ठरतं. समजा एका चाकावर दहा किलो भार आहे आणि पुढं चार सेंटिमीटरचा दगड आलाय. मागून सरळ रेटलं तर सहा इंची चाकाला तो दगड चढायला साधारण १८ ते १९ किलोचा रेटा लागतो. १२ इंची चाकाला नऊ किलो. १६ इंचीला साडेसात. हे कागदावरचं गणित आहे, उभ्या गाडीचं आणि कडक चाकाचं. प्रत्यक्षात आपण झटका देतो, दांडा दाबून पुढचं चाक उचलतो. तरी फरक बघा. सहावरून बारावर गेलं की जोर निम्मा. बारावरून सोळावर गेलं की थोडाच कमी. म्हणून माझं मत असं की पांदणीला बारा इंचाच्या खाली जाऊ नये, आणि सोळाच्या मागे लागून गाडी जड करून घेऊ नये. मागे सोळा, पुढे बारा अशी मिळाली तर उत्तमच.

दांडा दाबून चाक उचलण्याचं म्हणालो, त्यातही एक खोच आहे. मागचं चाक हा टेका. दांडा त्या टेक्याच्या जितका मागे, तितकं पुढचं चाक उचलायला हलकं. पहारीने दगड उलथताना आपण पहार लांबून धरतो तसंच. पण दांडा फार मागे असला की गाडी लांब होते आणि दारातून वळवता येत नाही. दुकानात लेकरू बसवून, किंवा आठ-दहा किलोची पिशवी ठेवून, दांडा दाबून बघायचा. दोन बोटांच्या जोराने चाक उचललं गेलं पाहिजे. अंगाचा भार टाकावा लागला तर गाडी परत ठेवा.

बाजारात असं का होतं, म्हणजे आपल्या उपयोगाची गाडी का दिसत नाही, याला कारण आहे. आज दुकानात ज्या हलक्या, छत्रीसारख्या मिटणाऱ्या गाड्या असतात त्यांचा मूळपुरुष ओवेन मॅक्लारेन नावाचा इंग्लंडमधला विमान-अभियंता. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर त्याने काम केलेलं होतं. १९६५ साली त्याने ॲल्युमिनियमच्या नळ्यांची गाडी केली. वजन जेमतेम तीन किलो, मिटून काखेत मारता येणारी. विमानतळ, रेल्वे, फूटपाथ यांच्यासाठी ती नामी. दुसरं घराणं वेगळं. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात याकिमा म्हणून गाव आहे, सफरचंद आणि हॉप्सच्या शेतीचं. तिथल्या फिल बेचलर नावाच्या माणसाला पळायची आवड. लेकराला घेऊन पळता यावं म्हणून त्याने गाडीला सायकलची चाकं लावली, पुढं एक आणि मागं दोन, आणि १९८४ मध्ये त्यातून ‘बेबी जॉगर’ उभी राहिली. खडबडीत रस्त्यावर चालणाऱ्या आजच्या तीनचाकी गाड्या या घराण्यातल्या. आपल्याला लागते ती ही. तालुक्याच्या दुकानात मिळते ती पहिली. दोन्हींना नाव मात्र एकच, स्ट्रोलर. मुंगी आणि मुंगूस यांत जेवढं नातं तेवढंच यांच्यात.

पुढचं चाक फिरतं पण असावं आणि खिट्टी लावून सरळ पण करता यावं. अंगणात, अंगणवाडीत फिरतं बरं. पांदणीत ते सरळ बांधून टाकायचं, नाहीतर दगडागणिक थरथरतं आणि आडवं होतं. माझ्या निळ्या गाडीला ही खिट्टीच नव्हती.

टायर हवेचा घ्यावा की भरीव फोमचा, यावर आमच्या घरात तीन दिवस वाद झाला. बाभळीचा काटा सगळ्यांना माहीत आहे, तो ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरलाही सोडत नाही. त्यामुळे मेव्हणा म्हणाला, भरीवच घ्या. पण भरीव टायर दगडावर आपटतो तो धक्का थेट लेकराच्या मानेला आणि ढकलणाऱ्याच्या मनगटाला. हवेचा टायर दगड पोटात घेतो. मऊ मातीत ट्रॅक्टर रुतायला लागला की आपण टायरची हवा थोडी कमी करतो ना? टेकण वाढते, चाक वर राहतं. इथं तेच. या टायरांवर बाजूला हवेचा दाब छापलेला असतो, बहुतेकांवर ३० ते ३५ पीएसआयच्या आसपास. मी २० ते २२ ठेवतो. मऊ चालते आणि रुतत नाही. काट्याचा इलाज म्हणून ट्यूबमध्ये पंक्चर थांबवणारं ते हिरवं चिकट पाणी भरलं. दोन महिन्यांत दोनच पंक्चर. एक मीच काढलं. बारा इंची लहान पोरांच्या सायकलची ट्यूब, साडेबारा गुणिले सव्वादोन लिहिलेली, बऱ्याच गाड्यांना बसते. वॉल्व बहुतेक मोटारसायकलसारखा असतो, त्यामुळे कुठंही हवा भरता येते. पण पंक्चरवाल्याच्या मोठ्या मशीनने भरू नका, एवढीशी ट्यूब क्षणात फुटते. हातपंप वापरा.

भरीव टायर कुणी घ्यावा? ज्याची वाट सिमेंटची झाली आहे त्याने. काहींच्या पांदणी झाल्या आहेत. त्यांनी हा लेख वाचून आमच्यावर दया करावी.

आता काळ्या रानाचं. इथं कुणी फसवून घेऊ नका: पाऊस झाला आणि वापसा नसला की कोणतीही बाबागाडी चालत नाही. तीस हजारांची असली तरी नाही. माती चाकाला लिंपते, मग चाक आणि मडगार्ड यांच्यात भरते, आणि दहा पावलांत चाक फिरायचं बंद होऊन घसरायला लागतं. चाक आणि वरचा फाटा यांच्यात दोन बोटं मोकळी जागा असेल तर थोडं पुढं जाता येईल, इतकंच. नांगरलेल्या रानातही ती नको. धुऱ्यावरून नेताना धुरा गाडीपेक्षा हातभर रुंद पाहिजे, गाडी मागे साठ-पासष्ट सेंटिमीटर असते. ज्या दिवशी गाडी चालत नाही त्या दिवशी झोळी आहे, कडा आहे, आणि बाप आहे.

झोळीवरून आठवलं. मायला ही गाडी सुरुवातीला पटलीच नव्हती. “आमी काय गाड्यात वाढवलं का तुमाला? लिंबाला झोळी बांधली, काम केलं.” खरं आहे. झोळी सावलीला बांधली तर तिच्याइतकं सुखाचं अंथरूण नाही, आणि बसल्या जागी लेकरू झोपवायला मी आजही झोळीच बांधतो. पण झोळी लेकराला एका जागी ठेवते. घरापासून झाडापर्यंत ते लेकरू कोणी नेलं? मायनेच, कडेवर. आणि आज मायला शंभर पावलं गेलं की बसावं लागतं, डाव्या गुडघ्याला ती रोज तेल चोळते. मी हे तिला म्हणालो नाही. पण जे लोक पारावर बसून “आमच्या आयांनी केलंच की” म्हणतात त्यांना म्हणतो: आपल्या आईला उठून चालायला सांगा आणि बघा तिने ते कशाच्या बदल्यात केलं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांचं तर विचारू नका. बाळंतीण फडात उभी असते, आणि लेकरू कधी बैलगाडीखाली, कधी पाचटावर.

लेकराच्या बाजूच्या गोष्टी थोडक्यात सांगतो, कारण त्या ठरलेल्या आहेत. पट्टा पाच ठिकाणी बांधणारा पाहिजे, दोन खांदे, दोन कमर, एक मांड्यांमधून. नुसता कमरेचा चालत नाही, ते मी बघितलंय. मान पक्की सावरेपर्यंत खडबडीत वाटेवर गाडीत बसवायचं नाही. या गाड्यांच्या पुस्तिकेत बहुतेक ठिकाणी सहा महिने लिहिलेलं असतं, काहींत आठ. अगदी तान्ह्यासाठी पाठ पूर्ण आडवी होणारी गाडी लागते, आणि तीही सपाट जागी. पांदणीत गाडी घेऊन पळायचं तर कधीच नाही. टोप मोठा असावा. पण उन्हात वरून साडीचा पदर नाहीतर टॉवेल टाकून गाडी बंद करू नका. बाहेरून सावली दिसते, आत वारा खेळत नाही आणि भट्टी होते. मार्चनंतर तर अकरा ते चार गाडी घराबाहेर काढायचीच नाही. आणि फवारणीच्या दिवशी, आपल्याच नाही तर शेजारच्या वावरात फवारणी असली तरी, लेकरू त्या बाजूला न्यायचं नाही. फवारून आलेल्या हाताने दांडा धरायचा नाही. फवारणीचं औषध दांड्यावरून लेकराच्या तोंडात जायला एक मिनिट पुरतं. दात येणारं लेकरू सगळं चावतं.

वजनाचं शेवटी सांगतो, कारण लोक ते पहिलं विचारतात. अशा गाड्या दहा ते चौदा किलोच्या असतात. ढकलताना ते वजन कळत नाही, उलट दगडावर गाडी बसून चालते. कळतं ते उचलताना, एसटीत चढवताना, रिक्षाच्या मागे टाकताना. एका हाताने मिटते का, आणि मिटल्यावर चाकं काढता येतात का, हे बघा. सिझर झालेल्या बाईने पहिले काही महिने ती उचलूच नये. हे घरच्या माणसांनी ठरवून घ्यायचं. ढकलणार कोण हे ठरतं, उचलणार कोण हे कुणी ठरवत नाही.

आम्ही काय केलं? नवीन चांगल्या गाड्यांच्या किमती पाहिल्या, पंचवीस हजारांच्या पुढे. हरभऱ्याच्या भावात ते बसत नव्हतं. मग पुण्यात राहणाऱ्या एका नातेवाइकाकडून वापरलेली मिळाली, तीनचाकी, मागे सोळा, पुढे बारा. ६,५०० रुपये. त्यांचं लेकरू मोठं झालं होतं आणि गाडी बाल्कनीत कपडे वाळवायच्या कामाला लागली होती. वापरलेली घेताना सांगाड्याचे जोड हलवून बघा, पट्ट्याची कड्याळी दहा वेळा लावून काढून बघा, टायरची बाजू उन्हाने तडकली आहे का ते बघा. टायर आणि ट्यूब बदलता येतात. तडकलेला जोड वेल्डिंगने सांधून लेकरू बसवू नका. आमच्या गावच्या वेल्डरने सांगितलं, जुन्या सायकलच्या चाकांची नवीनच बनवून देतो, हजारात. हात चांगला आहे त्याचा. कोळपं त्यानेच केलंय. पण ब्रेक आणि पट्टा यांची खात्री तो देऊ शकत नव्हता, तसं त्याने स्वतःच सांगितलं. माझ्या मते खरा कारागीर तो.

दांडा सगळ्यात खाली ९५ पर्यंत येत होता. ९० पाहिजे होता. इथं तोच वेल्डर कामाला आला. मूळ सांगाड्याला हात न लावता, दांड्यालाच खालच्या बाजूला पाच सेंटिमीटरवर एक दुसरी आडवी नळी क्लॅम्पने बसवली. तिच्यावर जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. वरचा दांडा माझा, खालचा तिचा. एका सकाळचं काम, ३०० रुपये.

गेले दोन महिने ती गाडी रोज पांदणीतून जाते येते. जाताना लेकरू आणि डबा, येताना लेकरू आणि कधी वांगी, कधी चाऱ्याची पेंडी खालच्या जाळीत. कमर पूर्ण बरी झाली असं म्हणणार नाही, वेचणी चालूच आहे. पण गोळ्या थांबल्या. गावात हसणारे होते, अजून आहेत. एकाने विचारलं, “काय हो, बाप असून गाडी ढकलता?” त्याला खालची नळी धरून दहा मीटर ढकलायला लावली. तो वाकला. मग वरचा दांडा धरला. मग म्हणाला, “कितीला पडली?”

ही नोंद टाकण्याआधी बायकोला वाचून दाखवली. सगळं ऐकून घेतलं तिनं, मग म्हणाली, “ब्रेकचं कुठं लिहिलं तुमी?” खरंच राहिलं होतं. तिच्याच शब्दांत देतो. ब्रेक पायाने लावायचा असतो. काही गाड्यांचा लावायला खाली दाबावा लागतो आणि काढायला बोटाने वर उचलावा लागतो. चपलेत पाय असला की अंगठ्याचं नख उलटतं. लावायला पण दाबायचा आणि काढायला पण दाबायचा, असा घ्या. आणि कालव्याच्या भरावावर गाडी उभी करायची वेळ आली तर नुसत्या ब्रेकवर सोडू नका, गाडी आडवी लावा, चाकाखाली ढेकूळ ठेवा आणि दांड्याचा पट्टा मनगटात राहू द्या.